झाकण झिजवावं, तार उचलू नये

बारामती, भवानीनगर, इंदापूर या पट्ट्यात लग्नाची वरात असो की गणपतीची मिरवणूक, गाण्याची चाल वाजते ती बँजोवर. अमेरिकेतल्या गोल, कातडं ताणलेल्या बँजोशी याचं नातं फक्त नावापुरतं. आपला बँजो म्हणजे बुलबुलतरंग: टाइपरायटरसारखी बटणं, त्यांच्याखाली पोलादी तारा आणि तारांखाली पडदे. १९१२ साली जपानमधल्या नागोयात मोरिता गोरो यांनी तयार केलेलं ताइशोगोतो हे या घराण्याचं मूळ. आपल्याकडे त्याला गिटारचं पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारं चुंबक आणि वेटोळं, जोडलं गेलं, वायर अँप्लिफायरला गेली, आणि ते वाद्य ढोलताशासमोर उभं राहिलं. उभं राहिलं खरं, पण गलक्यातून सूर वर काढायचा तर नखीचा फटका जोरात मारावा लागतो. मग सुराबरोबर एक कोरडा 'टक्' ऐकू येतो. फटक्याने खाली झुकलेली तार पिकअपच्या झाकणावर आपटत असते. यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे घोडीखाली पट्टी सरकवून तारा उचलणं. हा उपाय चुकीचा आहे. उचलायची ती तार नव्हे, कमी करायचं ते झाकण, असं माझं म्हणणं आहे.

कारण बँजोच्या रचनेतच आहे. बटण दाबलं की तार खालच्या पडद्यावर टेकते. तार जितकी उंच, तितकी ती टेकताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. मोकळी तार सुरात लावलेली असली तरी दाबलेली बेसूर होते, आणि ती किती बेसूर होईल हे बटणागणिक बदलतं, त्यामुळे खुंट्या पिळून ते दुरुस्त होत नाही. शिवाय बटण जड होतं आणि द्रुत चालीत बोटं मागे पडतात. म्हणजे एक 'टक्' घालवण्यासाठी अख्खं वाद्य बिघडवायचं! मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्याची जवारी लावतात तेव्हा तेही तारेला हात लावत नाहीत, कानस चालते ती घोडीवर. तिथे तार घोडीच्या पृष्ठाला हलकेच घासावी हाच हेतू असतो आणि त्या घासण्यातूनच नाद फुलतो. बँजोत घासणं नको आहे, एवढाच फरक. तार जागेवर ठेवून तिच्या खालच्या वस्तूला आकार द्यायचा, ही रीत मात्र दोन्हीकडे एकच.

आता पहिला आक्षेप. पिकअपचे दोन स्क्रू सैल करून ते खाली का घेऊ नये? जरूर घ्यावं, तेच आधी करावं. पिकअप तारेच्या फार जवळ असणं तसंही वाईट. त्यातले चुंबक पोलादी तारेला खेचतात, सूर लवकर मरतो आणि त्यात एक विचित्र डगमग येते. गिब्सनसारखी कंपनी गिटारची तार शेवटच्या पडद्यावर दाबून घोडीजवळच्या पिकअपपासून साधारण १.६ मिलिमीटर आणि गळ्याकडच्या पिकअपपासून २.४ मिलिमीटर अंतर ठेवायला सांगते. हे आकडे गिटारचे आहेत, बँजोला जसेच्या तसे लागू नाहीत, पण खेळ मिलिमीटरच्याही अंशांचा आहे हे त्यावरून कळतं. आवाज वाढवण्यासाठी पिकअप तारेला चिकटवण्यापेक्षा अँप्लिफायरची कळ फिरवावी. अडचण अशी, की पिकअप लाकडात पक्कं बसवलेलं असेल किंवा त्याखालचा खड्डा उथळ असेल, तर ते खाली जायला जागाच नसते. झाकणाचा विचार तिथून सुरू होतो.

झाकणाला हात लावण्याआधी तार नक्की कुठे आपटते हे पाहायला हवं. त्याला उपकरण लागत नाही. घोडीखाली पट्टी सरकवलेली असेल तर आधी ती काढून तारा पहिल्या उंचीवर आणाव्यात. झाकणावर खडू घासावा, मिरवणुकीत मारतो तसे चारदोन फटके मारावेत, आणि पांढऱ्यात उमटलेली रेघ पाहावी. रेघ प्लास्टिकच्या कडेवर असेल तर काम सोपं आहे. पण पांढरं पुसलं गेलं ते झाकणातून वर आलेल्या चुंबकाच्या टोकांवरून, तर झाकण कितीही झिजवा, उपयोग शून्य: आपटणारी वस्तूच वेगळी आहे. आणि तारेऐवजी नखीच झाकणाला लागत असेल, तर औषध हाताला हवं, कानशीला नव्हे.

झिजवताना झाकण काढूनच काम करावं. पिकअपवर असतानाच कानस चालवली तर लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटतो आणि पुन्हा सुटता सुटत नाही. काचेवर पॉलिश पेपर पसरावा, झाकण पालथं धरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवावं, आणि दर थोड्या वेळाने बसवून पुन्हा खडूची परीक्षा घ्यावी. प्लास्टिकचं झाकण मुळातच पातळ असतं. जोर लावून घासलं तर ते तापतं, मऊ होतं, वाकतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. झाकण उगीच नसतं, ते गुलाल, घाम आणि धुळीपासून आतलं वेटोळं वाचवतं. बरोबर आहे. नीरा डाव्या कालव्याच्या या बागायती भागात पंपाची जळालेली मोटर रिवाइंड करणाऱ्या कारागिरांची वानवा नाही आणि तांब्याच्या इनॅमल तारेची गुंडाळी त्यांच्या सवयीची. पण पिकअपची तार साधारण ०.०६ मिलिमीटरची, केसाएवढी, आणि वेढे हजारोंच्या घरात. ती तुटली की मोटरीच्या सवयीचा हात तिथे चालत नाही. म्हणून झाकण पातळ करावं, त्याला भोक पाडू नये. धातूच्या झाकणाचं आणखी एक काम असतं. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्या हंबकर पिकअपवर जर्मन सिल्व्हरचं झाकण बसवलं जाई, ते बाहेरची विजेची करकर अडवायला. जनरेटर आणि रोषणाईच्या गर्दीत असं झाकण काढून टाकलं तर ती करकर सुरात शिरण्याची शक्यता वाढते. त्यातून ते डाग देऊन पक्कं केलेलं असतं, आणि सोल्डरिंगची उष्णता आत गेली तर वेटोळ्यातलं मेण वितळतं. आतलं काही सैल राहिलं तर मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारू लागतं. प्लास्टिकचं झाकण मुळात करकर अडवतच नाही, त्यामुळे ते पातळ केल्याने त्या बाबतीत काही बिघडत नाही.

खडूची रेघ उमटणं थांबलं, की पॉलिश पेपर खाली ठेवावा. मग एकेक बटण दाबून सूर तपासावा.