साथींचा हिशेब

वैद्यक किंवा परिचर्या शिकणारा विद्यार्थी आरंभीची काही वर्षे देहाचाच अभ्यास करीत असतो. नाडी कशी पाहावी, फुप्फुसाचा आवाज कसा ऐकावा, कोणत्या दुखण्याला कोणते औषध द्यावे, हे तो शिकतो. त्याच्यापुढे येतो तो एक रोगी. पुढे केव्हातरी त्याच्या हाती साथरोगशास्त्राचे पुस्तक पडते आणि तेथे रोग्याची व्याख्याच बदलते. या शास्त्राचा रोगी म्हणजे सबंध वस्ती. तिच्यातील जे आजारी पडले त्यांच्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व येथे जे आजारी पडले नाहीत त्यांना असते. नाव साथरोगशास्त्र असले तरी मधुमेह, अपघात, कर्करोग हेही त्याच्या कक्षेत येतात.

या शास्त्राचा पहिला धडा भागाकाराचा आहे. एका गावात कावीळीचे वीस रोगी आहेत, दुसऱ्यात दहा. कोणत्या गावाची चिंता अधिक? पहिल्या गावाची वस्ती दहा हजार व दुसऱ्याची दोन हजार असेल, तर पहिल्यात हजारी दोन व दुसऱ्यात हजारी पाच असे प्रमाण पडते. म्हणजे काळजी करायची ती दुसऱ्या गावाची. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला अंश दिसतो, छेद दिसत नाही. छेद शोधण्यासाठी दवाखान्याबाहेर पडावे लागते.

दुसरा धडा नव्या व जुन्या रोग्यांतील भेदाचा. वर्षभरात नव्याने किती जणांना रोग झाला हा एक प्रश्न, आणि आज एकूण किती जण तो रोग घेऊन जगत आहेत हा निराळा प्रश्न. 1922 पासून मधुमेहावर इन्सुलिनचा उपचार सुरू झाला. पूर्वी जी मुले थोड्याच काळात दगावत, ती जगू लागली. साहजिकच मधुमेह घेऊन जगणाऱ्यांची संख्या वाढली. ही वाढ रोग फोफावल्याची नव्हे, तर उपचार लागू पडल्याची खूण होती. भेद न जाणणारा मनुष्य अशा वेळी यशालाच अपयश म्हणून बसेल.

तिसरा धडा तुलनेचा. त्यासाठी जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तक विद्यार्थ्याला 1854 सालच्या लंडनमध्ये नेते. पटकीची साथ चालू होती. दूषित हवेमुळे पटकी होते, असे त्या काळी बहुतेक विद्वान मानीत. जॉन स्नो या डॉक्टरचा संशय पाण्यावर होता. दक्षिण लंडनच्या काही भागांत दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरून गेले होते. शेजारशेजारच्या घरांत हवा एक, राहणी एक, पण पाणी वेगळे. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहरात, बॅटरसी येथे, थेम्सचे मैले पाणी उचलीत असे. लँबेथ कंपनीने 1852 मध्ये आपला उपसा शहराच्या वर, थेम्स डिटनला नेला होता. पुष्कळ भाडेकरूंना आपले पाणी कोणत्या कंपनीचे हे ठाऊकच नव्हते. तेव्हा स्नोने पाण्यातील मिठाचे प्रमाण तपासून ते ओळखले.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला: साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या 40,046 घरांत 1,263 मृत्यू, म्हणजे दहा हजार घरांमागे 315. लँबेथच्या 26,107 घरांत 98 मृत्यू, म्हणजे दहा हजारांमागे 37. आठपटींहून अधिक अंतर! कोखने पटकीचा जंतू दाखवून दिला तो 1884 च्या सुमारास. जंतू हाती नसतानाही साथीचा मार्ग सापडू शकतो, हे केवळ भागाकाराने सिद्ध झाले.

ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची गोष्ट याच वर्षीची व अधिक प्रसिद्ध. स्नोच्या सांगण्यावरून 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, असे ती सांगितली जाते. परंतु लोक घरे सोडून गेल्यामुळे साथ आधीच ओसरू लागली होती, हे स्वतः स्नोनेच लिहून ठेवले आहे. एकामागून दुसरे घडले म्हणून पहिले हे दुसऱ्याचे कारण ठरत नाही, हा चौथा धडा त्याने आपल्याच यशाच्या बाबतीत पाळला.

हे सारे विद्यार्थ्यांपुरते आहे, असे मात्र श्रोत्यांनी समजू नये. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शहरात हजार मुले आहेत. नऊशेंना गोवराची लस टोचली, शंभरांना टोचली नाही. साथ आली. लस घेतलेल्यांपैकी 45 व न घेतलेल्यांपैकी 40 मुले आजारी पडली. लगेच कोणी म्हणेल, "पाहा, लस घेतलेलेच अधिक आजारी!" आकडा खोटा नाही, पण छेद गाळला आहे. लस घेतलेल्यांत शेकडा पाच आजारी पडले, न घेतलेल्यांत शेकडा चाळीस. त्या एका वाक्यावर विसंबून जी आई मूल घेऊन परत जाईल, तिच्या मुलाचा धोका आठपट होतो. ज्या परिचारिकेने हा भागाकार शिकला आहे, ती त्या आईला दारातच समजावू शकते. परीक्षेच्या गुणांपेक्षा या अभ्यासाचे मोल येथे आहे.

प्रारंभ कोठून करावा? आपल्याकडील वैद्यकीय विद्यार्थ्यांना के. पार्क यांचा प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकावरील ग्रंथ परिचित आहे. तो विस्तृत आहे. संदर्भास उत्तम, पण पहिल्या वाचनास जड. जागतिक आरोग्य संघटनेने 1993 मध्ये प्रथम काढलेले बोनिता, बीगलहोल व शेलस्ट्रॉम यांचे मूलतत्त्वांचे पुस्तक आटोपशीर आहे. आणि स्नोचा 1855 चा पटकीवरील ग्रंथ तर अंकगणित जाणणाऱ्या कोणालाही वाचता येईल. मात्र वाचताना कागद-पेन्सिल जवळ असावी व प्रत्येक प्रमाण स्वतः काढून पाहावे. नुसते वाचून हे शास्त्र येत नाही.

आपण नागरिकांनी एवढे पुस्तकी ज्ञान मिळविलेच पाहिजे असे नाही. वृत्तपत्रात रोगाचा आकडा दिसला की तीन प्रश्न विचारावेत: कितीपैकी? किती काळात? आणि कोणाशी तुलना करून? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत घाबरूही नये आणि निर्धास्तही राहू नये.