हौशी तंत्रज्ञाची मापनयंत्रे

मल्टिमीटर : विद्युत्‌दाब, प्रवाह व रोध ही तिन्ही परिमाणे एकाच उपकरणाने मोजता यावीत अशी तजवीज ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांनी केली व त्यांतूनच १९२३ साली ‘ॲव्हो’ मीटर बाजारात आला.

जोडणी : दाब मोजताना मीटर समांतर, प्रवाह मोजताना एकसर, रोध मोजताना मंडलाचा पुरवठा बंद.

विभेदन व अचूकता : साडेतीन अंकी मीटर १९९९ पर्यंतचे आकडे दाखवितो, जो सूक्ष्मतम फरक पडद्यावर उमटतो ते विभेदन, आणि दर्शित आकड्याचे सत्य मूल्याशी जे सामीप्य ती अचूकता.

क्लॅम्प मीटर : वायर न तोडता प्रवाह मोजतो, जबड्यात एकच वायर घ्यावयाची असते, कारण फेज व न्यूट्रल एकत्र घेतल्यास दोहोंची चुंबकीय क्षेत्रे परस्परांस रद्द करतात व मापन शून्यवत येते.

ऑसिलोस्कोप : कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्या १८९७ मधील ऋणकिरण नलिकेपासून विकसित झालेले हे यंत्र दाबाचा कालानुसारी आलेख दाखविते.

घरगुती पुरवठा : भारतात सर्वत्र एकफेजी पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ, यांतील २३० व्होल्ट हे परिणामी मूल्य असून शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट.

सुरक्षावर्ग : प्लगवरील उपकरणांसाठी ‘कॅट-२’, इमारतीतील वितरण फलकासाठी ‘कॅट-३’, बाहेरून येणाऱ्या सेवावाहिनीसाठी ‘कॅट-४’.