बदलापूर स्टेशन : नांव, जागा आणि कागद

कुळगांव-बदलापूर या नगरपरिषदेच्या जोडनांवांत एक लहानसें ऐतिहासिक कोडें आहे. तें सुटल्यावांचून या भागांतील गेल्या सुमारें पावणेदोनशें वर्षांचे कागद नीट वाचतां यावयाचे नाहींत. बदलापूर हें मूळ गांव स्टेशनाच्या पश्चिमेस, उल्हास नदीच्या अंगास आहे. स्टेशन मात्र उभें राहिलें तें कुळगांवच्या बाजूस. त्याच्या पश्चिमेस मौजे मांजर्ली. म्हणजे आगगाडी गांवांत गेली नाहीं, गांवाचें नांव तेवढें आगगाडीपाशीं आलें. तेव्हांपासून ‘बदलापूर’ या एका शब्दाचे दोन अर्थ झाले. एखाद्या पत्रांत ‘बदलापुरीं उतरलों’ असें असल्यास तें स्टेशन होय. ‘बदलापूरची जमीन’ असें असल्यास तो मौजा होय. आणि ‘बदलापूरचा माल’ असें असल्यास पुढचा मागचा मजकूर पाहिल्याशिवाय निर्णय करूं नये. १८५६ पूर्वींच्या कागदांस ही अडचण नाहीं. त्यापुढील कागदांची यादी करणाऱ्यानें मात्र ती सदैव ध्यानांत ठेविली पाहिजे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास गेली. १ मे १८५४ रोजीं मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. तेथें त्यास दोन फांटे फुटले, एक थळ घाटाकडे व दुसरा बोर घाटाकडे. हा दुसरा फांटा उल्हासच्या खोऱ्यानें नेरळ, कर्जत, पळसदरी असा खोपोलीपर्यंत मे १८५६ मध्यें पोहोंचला. खंडाळ्यापासून पुण्याचा मार्ग जून १८५८ मध्यें सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत उतारूंस रुळांवांचूनच ओलांडावा लागे. येथवर सर्व प्रसिद्धच आहे. परंतु मार्ग उघडल्याची तिथि हीच त्यावरील प्रत्येक स्टेशनाची जन्मतिथि असें धरून चालण्याचा जो प्रघात पडला आहे, तो आम्हांस मान्य नाहीं. रूळ पडणें, गाडी नेमानें थांबूं लागणें आणि पक्की इमारत उभी राहणें या तीन निराळ्या गोष्टी आहेत, व त्यांचे पुरावेही निराळ्या दप्तरांत शोधावे लागतात.

नांवाच्या व्युत्पत्तीविषयींही असेंच सावध असावें. शिवकालांत येथें घोडे बदलीत म्हणून बदलापूर, ही कथा सर्वतोमुखीं आहे. बदल हा अरबी शब्द मराठींत जुनाच रुळलेला असल्यामुळें ती अशक्य नव्हे, आणि पुढें त्याच गांवाच्या नांवाचें स्टेशन मुंबई-पुणें मार्गावर व्हावें हा योग मोठा गमतीचा खरा. पण गंमत म्हणजे प्रमाण नव्हे. घोड्यांच्या टप्प्याचा उल्लेख असलेला समकालीन कागद दाखविल्यावांचून ही कथा दंतकथेच्या सदरांतच ठेवणें बरें.

या गांवास एक भाग्य लाभलें आहे, जें महाराष्ट्रांतील थोड्या गांवांस लाभलें. कै. नारायण गोविंद चापेकर (१८६९–१९६८) यांनीं ‘आमचा गांव बदलापूर’ हा ग्रंथ १९३३ सालीं प्रसिद्ध केला, व गांवाचें लोकजीवन, धंदे आणि चालीरीति यांची बारकाईनें नोंद करून ठेविली. १९३४ च्या बडोदें येथील साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्याच ‘पेशवाईच्या सावलींत’ (१९३७) या ग्रंथानें हिशेबाच्या कोरड्या नोंदींतून केवढा सामाजिक इतिहास निघूं शकतो, हें दाखवून दिलें आहे. स्टेशनाच्या कागदांस हीच दृष्टि लावावयास हवी. मालाची पावती, भाड्याचें पत्रक, वेळापत्रकाचें फाटकें पान हीं आज कोणी जपून ठेवीत नाहीं. परंतु गवत, तांदूळ व लांकूड कोठून आलें आणि कोठें गेलें हें सांगणारा साक्षीदार दुसरा नाहीं.

सर्वांत महत्त्वाचे कागद जमिनीचे. ते रेल्वेच्या कचेरींत शोधणारा बहुधा रिकाम्या हातीं परतेल, व त्यास कारण आहे. १७ ऑगस्ट १८४९ च्या करारानें ईस्ट इंडिया कंपनीनें रेल्वे कंपनीस भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमी दिली, आणि मार्गास लागणारी जमीन ९९ वर्षांच्या मुदतीनें विनामूल्य देण्याचें पत्करलें. अर्थात् जमीन घेणें व रयतेस मोबदला देणें हें काम सरकारचें झालें. म्हणून कोणाचें शेत गेलें, काय मोल ठरलें, पाणंद कोठें तुटली, याचा शोध मुंबईच्या पुराभिलेखागारांतील मुलकी खात्याच्या दप्तरांत, ठाणें जिल्ह्याच्या जुन्या रुमालांत आणि खुद्द खातेदारांच्या घरांत घ्यावा. रेल्वे १९०० सालीं सरकारनें विकत घेतली, १९२५ सालीं तिचा कारभार हातीं घेतला, आणि १९५१ सालीं मध्य रेल्वे निर्माण झाली. दर हस्तांतरास दप्तर हलतें, आणि हललेल्या दप्तराचें काय होतें हें संग्राहकांस सांगणें नको.

आतां स्टेशनाची जी पुनर्रचना चालली आहे तिच्याकडे वळूं. विजेची गाडी कल्याणहून पुण्याकडे १९२९ च्या सुमारास धांवूं लागली. पण या परिसराची खरी वाढ अलीकडची. नगरपरिषदेच्या हद्दींत २००१ च्या खानेसुमारींत ९७,९४८ लोक होते, ते २०११ मध्यें १,७४,२२६ झाले. या गर्दीसाठीं कल्याण ते बदलापूर अशा सुमारें १४ किलोमीटर लांबीच्या तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेस २०१९ सालीं मंजुरी मिळाली. बदलापुरीं नवा होम फलाट बांधला गेला, आणि अंबरनाथ व बदलापूर यांच्या दरम्यान चिखलोली हें नवें स्टेशन योजिलें गेलें. हें नवें स्टेशन जवळच्याच गांवाचें नांव घेतें, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. कुळगांवास तें भाग्य लाभलें नव्हतें.

रुंद फलाटाची गरज उतारू जाणतो. तिला विरोध करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जुनी भिंत पाडण्यापूर्वीं तिचें माप व छायाचित्र घेणें, सनावळीचा दगड अगर ओतीव लोखंडावरील कारखान्याचें नांव उतरून घेणें, यांस फारसा खर्च लागत नाहीं. शेजारच्या अंबरनाथच्या शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजींनीं ७८२ वाचला होता. पंडित भगवानलाल इंद्रजींनीं तो ९८२ ठरविला, आणि देवालय एकदम दोनशें वर्षें अलीकडे आलें. लेख शाबूत होता म्हणून तो पुन्हां वाचतां आला.

जुन्या नोंदींचा उपयोग केवळ हौशी संग्राहकासच आहे असेंही नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरांत अडकली व सुमारें १,०५० उतारूंची सुटका करावी लागली. नदीकांठच्या या मार्गावर पूर्वीं पाणी कोठवर चढत असे, मोऱ्या कोठें ठेविल्या होत्या, हें सांगणारा जुना नकाशा कोणाच्या पेटींत असेल तर तो आजच्या अभियंत्यासही हवा आहे.

मांजर्ली, कुळगांव, बेलवली येथील जुन्या घरांत मोबदल्याची पावती, मोजणीचा नकाशा अगर मालधक्क्याचें बिल आढळल्यास त्याची नक्कल करून घ्यावी, कागदावरील मौजाचें नांव जसेंच्या तसें उतरावें, ‘बदलापूर’ असें सुधारूं नये, आणि मूळ कागद धन्याच्याच घरीं राहूं द्यावा.