‘किती खंगलीस!’ : नात्यातल्या बोलण्यातलं खरं-खोटं

वजन बऱ्यापैकी उतरलं की घरच्या कार्यात पहिली दहा मिनिटं त्यावरच जातात. ‘किती खंगलीस!’, ‘गालफडं बसली बघ’, ‘आजारी होतीस का?’ आणि उतरलं नसेल तर, ‘तीन महिने चालतेस ना गं? काही फरक दिसत नाही.’ बोलणारी माणसं बहुतेक वेळा आपल्यावर जीव असलेलीच असतात, म्हणून तर त्यांचं बोलणं लागतं. परक्याचं सोडून देता येतं. मावशीचं घरी येईपर्यंत मनात घोळत राहतं आणि रात्री वाटतं, जाऊ दे, कशाला हा खटाटोप.

या प्रत्येक वाक्यात माया असते आणि शरीराबद्दलचं एक विधानही असतं. माया ठेवून घ्यावी, विधान तपासून बघावं. तसं बघितलं की काही विधानं साफ चुकीची निघतात, काही अर्धी खरी, आणि एखादं इतकं खरं की ते ऐकून डॉक्टरांकडे जायला हवं.

गैरसमज : चेहरा उतरला म्हणजे तब्येत ढासळली

आपण ‘तब्येत सुधारली’ असं वजन वाढलेल्या माणसाला म्हणतो. बाळाने बाळसं धरलं, मुलगी अंगाने भरली, माणूस खात्यापित्या घरचा दिसतो : अंगावरचं मांस म्हणजे सुख, हा अर्थ भाषेतच मुरला आहे. दुसऱ्या बाजूला टीबीचं आपलं नावच क्षय, म्हणजे झिजणं. ज्यांनी 1972चा दुष्काळ पाहिला, मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढले, त्यांच्या डोळ्यांना वाळलेला माणूस म्हणजे उपाशी किंवा आजारी माणूसच दिसतो. आजीच्या ‘खंगलीस’मागे ही आठवण आहे. ती समजून घेतली की तिच्यावर चिडावंसं वाटत नाही.

वस्तुस्थिती अशी की चरबी कुठून कमी व्हावी हे आपल्या हातात नसतं. गालांवरचा थोडासा फरकही लगेच नजरेत भरतो, पोटाच्या आत कमी झालेली चरबी कुणालाच दिसत नाही. चाळिशीनंतर त्वचेचा ताणही कमी होतो, त्यामुळे चेहरा अधिक ओघळलेला वाटतो. तब्येत कशी आहे हे साखर, रक्तदाब, झोप आणि तीन जिने चढल्यावर लागणारी धाप यांवरून ठरवावं.

पण इथेच थांबायला हवं, कारण कधीकधी मावशीचंच बरोबर असतं. काही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून अधिक घटलं, म्हणजे 70 किलोच्या माणसाचं साडेतीन किलोंहून जास्त, तर तपासणी करून घ्यायलाच हवी. मधुमेह, थायरॉइडचा अतिस्राव, टीबी अशी कारणं त्यामागे असू शकतात. प्रयत्नाने उतरवतानाही वेग बघावा. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन सतत उतरत राहिलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. एकदम कमी खाल्लं की दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात, ते बहुधा परत येतात, पण तो शरीराने दिलेला इशारा असतो. चक्कर येणं, पाळी चुकणं हेही तसेच इशारे. म्हणून ‘आजारी होतीस का?’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी दोन गोष्टी स्वतःला विचाराव्यात : हे मी ठरवून उतरवलं का, आणि किती दिवसांत?

गैरसमज : ‘तू कुठे जाड आहेस?’

हा टोमणा नाही, कौतुक आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान तेच करतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, सारखाच, 22.3. दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के निघालं. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी कशी दडून असते, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात तर ही गोष्ट जन्मापासूनच दिसली. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती.

म्हणूनच भारतीयांसाठी मापं वेगळी आहेत. बीएमआय 23च्या वर गेला की वजन जास्त, 25पासून लठ्ठपणा. कमरेचा घेर बायकांमध्ये 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषांमध्ये 90च्या आत हवा. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत बीएमआयनुसार लठ्ठ माणसं 28.6 टक्के आढळली, तर पोट सुटलेली 39.5 टक्के. म्हणजे कितीतरी जण असे, ज्यांना घरचे ‘तू कुठे जाड आहेस?’ असंच म्हणत असणार.

मोजपट्टी नसली तरी चालेल. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्यावी, मधोमध दुमडावी आणि कमरेभोवती धरावी. टोकं जुळली नाहीत तर पोट कमी करायला हवं. ‘कुठे जाड आहेस?’ विचारणाऱ्या काकांच्याही कमरेला ती लावून बघायला हरकत नाही, कारण साखरेचा धोका त्यांनाही तेवढाच आहे.

गैरसमज : ‘एका पुरणपोळीने काय होतं?’

काही होत नाही. हे आधी मान्य करावं, कारण ते खरं आहे. चमचाभर तुपात साधारण 45 कॅलरी असतात, एका सणाच्या जेवणाने महिन्याची मेहनत वाया जात नाही. दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो ते पाणी असतं. जास्तीचं मीठ पाणी धरून ठेवतं, आणि शरीर जी पिष्टाची साठवण करतं, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. दोन-तीन दिवसांत ते उतरतं.

अडचण एका पुरणपोळीची नाही, दुसरीच्या आग्रहाची आहे, आणि गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत अशी किती पानं मांडली जातात याची आहे. आपल्याकडे वाढणं हीच माया दाखवण्याची रीत. ‘मी डाएटवर आहे’ म्हटलं की वाढणारीला आपला हात झिडकारल्यासारखं वाटतं. ‘मला चालत नाही’ म्हटलं की ‘एक दिवस चालव’ हे उत्तर तयारच असतं. त्यापेक्षा तिने केलेलं थोडं मागून घ्यावं, मन लावून खावं, काय आवडलं ते नेमकं सांगावं आणि ‘पोट भरलं आत्या, आता नको’ म्हणून पानावर आडवा हात धरावा. तरीही ‘माझी शपथ’ आली तर हात तसाच ठेवून हसावं. ‘नको’चं कारण देत बसू नये, कारण दिलं की त्यावर वाद होतो.

आणि एक जागा बहुतेक बायकांच्या ध्यानात येत नाही : सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यातलं उरलेलं संपवणं. तो आग्रह कुणी करत नाही, पण तो रोजचा असतो.

गैरसमज : टोचून बोललं की जिद्द येते

‘आम्ही बोलतो ते तुझ्या भल्यासाठीच’ असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या 2,944 माणसांचा चार वर्षांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. वजनावरून आपल्याला हीन वागणूक मिळते असं ज्यांनी सांगितलं, त्यांचं वजन त्या काळात सरासरी 0.95 किलो वाढलं. ज्यांना तशी वागणूक मिळाली नव्हती, त्यांचं सरासरी 0.71 किलो घटलं. यात दुकानातली, दवाखान्यातली वागणूकही धरली होती, फक्त घरातली नव्हे, आणि अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही. पण ‘बोलल्याने माणूस सुधारतो’ या समजाला त्यात काडीचाही आधार मिळत नाही. अमेरिकेतल्या 2013च्या एका अभ्यासातही हेच चित्र : ज्यांनी वजनावरून भेदभाव सोसला, ते पुढच्या काही वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट होती.

असं का होत असावं, ते ओळखीचं आहे. अपमान झालेला माणूस चारचौघांत घाम गाळायला जात नाही. तो बागेतली फेरी बंद करतो आणि स्वयंपाकघरात एकटा असताना डबा उघडतो. काकांच्या एका वाक्याने पेटून उठलेली माणसंही असतात, त्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात. गप्प बसलेल्यांच्या सांगितल्या जात नाहीत. मुलांच्या बाबतीत तर माझं मत ठाम आहे : बारा वर्षांच्या मुलीला ‘गोलू’ म्हणणाऱ्याला, तो कितीही मोठा असो, आईबापांनी तिथल्या तिथे थांबवावं.

गैरसमज : ‘आपल्या घराण्यातच आहे’

अर्धं खरं. वजनात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. पण सर्वांत परिचित अशा एफटीओ जनुकाच्या दोन्ही प्रती ‘जाड’ असल्या तरी त्या मिळून सरासरी तीनच किलोंची भर घालतात, आणि दोन लाखांवर माणसांच्या एकत्रित पाहणीत हालचाल करणाऱ्यांमध्ये त्यांचा परिणाम 27 टक्क्यांनी कमी दिसला. घराण्यातून जनुकांबरोबर कढईही येते, आणि कढई बदलता येते.

गैरसमज : ‘काही फरक दिसत नाही’ आणि ‘परत वाढेलच’

न दिसणारा फरकच अनेकदा महत्त्वाचा असतो. अमेरिकेतल्या 2002च्या मोठ्या चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांना 7 टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं एवढंच लक्ष्य दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. 75 किलोच्या माणसाचे पाच किलो पंगतीत कुणाला ओळखूही येणार नाहीत.

‘परत वाढेल’ ही भीती मात्र निराधार नाही. मेलबर्नमधल्या 2011च्या अभ्यासात वजन उतरवल्यानंतर वर्षभरानेही भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेलीच आढळली. शरीर जुन्या वजनाकडे ओढ घेतं, त्यात मनाचा दुबळेपणा नसतो. म्हणून दोन महिन्यांचा कडकडीत उपास कामाचा नाही. रोज घरात जे शिजतं तेच बदलावं लागतं, आणि ते शिजवणारं माणूस बहुधा तेच असतं जे ‘खंगलीस’ म्हणालेलं असतं.

त्यामुळे त्या माणसाशी भांडून भागत नाही. कार्यात, सगळ्यांसमोर उलट बोलण्याने फक्त दोन्ही बाजू हट्टाला पेटतात. सुट्टीच्या दुपारी, दोघीच असताना बोलावं. ‘जाड म्हणू नकोस, बारीक झालीस असंही म्हणू नकोस’ हे स्पष्ट सांगावं, साखरेचा रिपोर्ट दाखवावा आणि नुसतं गप्प राहायला न सांगता काहीतरी मागावं : ‘आई, उद्यापासून आमटी जरा घट्ट कर, भाजीत तेल निम्मं घाल. आणि साडेसहाला चप्पल घालून तयार राहा, आपण दोघी चालायला जाऊ.’