कॉन्ट्री पोचली, पैसे अजून वाटेत

जेवण संपतं, बडीशेपेच्या वाटीबरोबर बिल येतं आणि टेबलावरचा एक जण म्हणतो, "मी भरतो, तुम्ही मला पाठवा." मिनिटभरात बाकीच्यांचे फोन बाहेर निघतात आणि त्याच्या फोनवर एकामागून एक रक्कम जमा झाल्याचे संदेश येऊ लागतात. पुण्या-मुंबईत अशी कॉन्ट्री काढणं इतकं रोजचं झालंय की त्यात पाहण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. मला मात्र त्यातली एक गोष्ट कळली, तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. मित्राच्या खात्यात पैसे जमा झाले, शिल्लक वाढली, त्याने त्यातूनच कोपऱ्यावरच्या टपरीवर पानाचे पैसेही दिले. पण त्याची बँक आणि आपली बँक वेगळी असेल, तर त्या घडीला आपल्या बँकेकडून त्याच्या बँकेकडे एक रुपयाही गेलेला नसतो.

मग जमा झालं ते काय?

त्या काही सेकंदांत जाऊन पाहू. आपण मित्राचं नाव निवडतो, ६०० हा आकडा टाकतो आणि पिनचा पडदा येतो. अ‍ॅप कुठल्याही कंपनीचं असो, तो पडदा तिचा नसतो. तो एनपीसीआयचा, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेचा असतो. यूपीआय ही सगळी व्यवस्था तिनेच उभारली आणि तीच ती चालवते. आपला पिन फोनमध्येच सांकेतिक रूपात बदलतो. अ‍ॅपला तो वाचता येत नाही; तो बरोबर की चूक, हे फक्त आपली बँक ठरवते. मग आपली मागणी एनपीसीआयच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जाते. तिथून आधी मित्राच्या यूपीआय पत्त्याची चौकशी होते: यामागे खातं कोणतं, बँक कोणती? उत्तर आलं की आपल्या बँकेला सांगितलं जातं, ६०० वजा करा. वजा झाल्याची खात्री पटल्यावरच मित्राच्या बँकेला सांगितलं जातं, ६०० जमा करा. त्यानंतर दोन्हीकडे पोच. वेटर टेबल पुसून जातो, तेवढ्यात हे सगळं उरकलेलं असतं. एप्रिल २०१६ मध्ये रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना सुरू झालेल्या या व्यवस्थेत ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. सरासरी काढली तर दर सेकंदाला सात हजारांच्या वर.

पण नीट पाहिलं तर या धावपळीत फिरले ते फक्त निरोप. एका बँकेने आपल्या वहीत ६०० कमी केले, दुसरीने आपल्या वहीत ६०० वाढवले. दुसऱ्या बँकेच्या हाती अजून काहीच पडलेलं नाही. आपल्या मित्राला तिने स्वतःच्या खिशातून पैसे दिलेत, पहिली बँक थोड्या वेळाने भरपाई करेल या भरवशावर. मित्राने सगळ्यांचं बिल आधी भरलं आणि म्हणाला "नंतर पाठवा". त्याच्या बँकेनेही नेमकं तेच केलं. टेबलावरचा भरवसा आणि बँकांमधला भरवसा एकाच साच्याचे आहेत, हे लक्षात आलं तेव्हा मी खरंच थक्क झालो.

साम्य इथेच थांबत नाही. समजा, चौघे बाहेर पडले. जेवणाचं बिल २,४०० रुपये, ते पहिल्याने भरलं. मग मस्तानी झाली, तिचे ४८० दुसरीने दिले. परतीच्या टॅक्सीचे ३२० तिसऱ्याने. चौथीने काहीच भरलं नाही. प्रत्येक खर्चाची कॉन्ट्री तिथल्या तिथे काढली, तर दर वेळी तिघांनी एकाला पाठवायचे. जेवणाचे सहाशे-सहाशे, मस्तानीचे एकशेवीस, टॅक्सीचे ऐंशी. एकूण नऊ वेळा पैसे इकडून तिकडे, मिळून २,४०० रुपये.

आता रात्र संपेपर्यंत थांबा. एकूण खर्च ३,२००, डोई ८००. पहिल्याने २,४०० भरले, त्याला १,६०० यायचेत. दुसरीने ४८० दिलेत, तिचे ३२० द्यायचे राहिले. तिसऱ्याचे ४८०, चौथीचे ८००. तीन वेळा पाठवणं, तीनही पहिल्याला, संपलं! नवाचे तीन झाले, २,४०० चे १,६०० झाले आणि कुणाचाही पैसा बुडाला नाही. देणी-घेणी एकमेकांत वजा झाली.

बँका हेच करतात. दिवसातून ठरावीक वेळा एनपीसीआय त्या-त्या टप्प्यातले सगळे व्यवहार एकत्र करते आणि प्रत्येक बँकेचं निव्वळ देणं किंवा येणं काढते. एका बँकेच्या खातेदारांनी दुसरीकडे लाखो वेळा पैसे पाठवलेले असतात, दुसरीच्या खातेदारांनी पहिलीकडे. ते एकमेकांत विरघळतात आणि प्रत्येक बँकेसमोर एकच आकडा उरतो. तेवढीच रक्कम रिझर्व्ह बँकेकडे असलेल्या बँकांच्या खात्यांमध्ये इकडची तिकडे होते. आपले ६०० रुपये म्हणून ओळखू येईल असं काही त्यात नसतंच. समोरून येणाऱ्या कुणाच्या तरी ६०० रुपयांनी ते वाटेतच फेडलेले असू शकतात.

ही युक्ती संगणकाच्या फार आधीची आहे. अठराव्या शतकात लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीट परिसरात बँकांचे कारकून परस्परांचे चेक वसूल करायला दिवसभर एका पेढीतून दुसऱ्या पेढीत पायपीट करायचे. मग त्यांनी एका ठिकाणी भेटून तिथेच अदलाबदल करायला सुरुवात केली. त्यातून क्लिअरिंग हाउस उभं राहिलं. गणनयंत्राची कल्पना मांडणारे चार्ल्स बॅबेज यांनी १८३२ च्या आपल्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं आहे. तिथे रोज सरासरी २५ लाख पौंडांचा हिशेब मिटायचा आणि त्यासाठी नोटा लागायच्या सुमारे दोन लाख पौंडांच्या, नाणी अवघ्या वीस पौंडांची. बॅबेज यांच्यासारखा माणूस त्या खोलीत रमला, यात मला नवल वाटत नाही.

मित्रांचा हिशेब ठेवणारी अ‍ॅप्स याच वजाबाकीवर चालतात, आणि इथे गणित अनपेक्षितपणे खोल जातं. कितीही गुंता असला तरी माणसांच्या संख्येपेक्षा एक कमी, एवढ्या वेळा पैसे पाठवून सगळं नक्की फिटतं. चौघांना तीन, तिसांना एकोणतीस. याहून कमीत भागेल का? भागेल, जर त्या तिसांत असा एखादा छोटा गट सापडला की ज्याचं आपसांतलं देणं-घेणं तंतोतंत जुळतं. पण तो शोधायचा कसा? तीस जणांतून गट पाडण्याच्या तऱ्हा शंभर कोटींच्या वर जातात. माणसं कितीही वाढली तरी उत्तम उत्तर झटपट देईल, अशी खात्रीची रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. सहलीचा हिशेब गणितातल्या अवघड प्रश्नांच्या पंगतीला जाऊन बसतो! शिवाय अशा वजाबाकीत जिच्याशी आपला काही व्यवहारच झाला नाही, तिला पैसे पाठवायची वेळ येऊ शकते. वर चौथीने मस्तानीचे पैसेही पहिल्यालाच दिले. जिवलगांत हे चालतं. नुकत्याच ओळखीच्या मंडळींत मी तरी सरळ ज्याचे त्याला देणं पसंत करेन.

एक पैशाची गोष्ट सांगायलाच हवी. हजार रुपयांचं बिल तिघांत वाटलं तर प्रत्येकी ३३३ रुपये ३३ पैसे होतात आणि एक पैसा उरतो. तो कुणाच्या तरी वाट्याला घालावाच लागतो. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, त्यामुळे हा पैसा कुणाच्या हातावर ठेवता येणार नाही. यूपीआयवर मात्र ३३३.३४ अशी रक्कम सहज जाते.

मागण्याची पद्धत अलीकडे बदलली आहे. पूर्वी बिल भरणारा मित्र यूपीआयवरून थेट पैशांची मागणी धाडू शकायचा. समोरच्याने ती मान्य करून पिन टाकला की काम झालं. भामट्यांना नेमकं हेच फावलं. तुम्हाला पैसे मिळणार आहेत असं सांगून ते मागणी पाठवायचे आणि लोक भाबडेपणाने पिन टाकून बसायचे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे त्या घाईत सुचायचं नाही. एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही मागणी बंद केली. त्यामुळे आता बिल भरलेल्याने आपला क्यूआर कोड पुढे करायचा किंवा ग्रुपवर हिस्सा लिहायचा, आणि बाकीच्यांनी आपण होऊन पाठवायचं.