दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : लांबचा पल्ला, कमी वेळ

दोन विमानतळांमधील अंतर म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो बहुधा विमानाने प्रत्यक्ष कापलेल्या वाटेचा नसून पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या वाटेचा असतो. या वाटेला बृहद्वृत्ताची वाट म्हणतात, कारण ती ज्या वर्तुळाचा भाग असते, त्याचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच असते. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात हे अंतर सुमारे 12,400 किलोमीटर भरते. सपाट नकाशात ही शहरे पूर्व-पश्चिम दिसत असली, तरी पृथ्वीगोलावर दोघांमध्ये दोरा ताणून धरल्यास तो उत्तरेकडे चढतो आणि सायबेरिया, आर्क्टिक महासागर व अलास्का ओलांडून कॅलिफोर्नियात उतरतो.

परंतु ही जवळची वाट सर्वांत लवकर पोहोचवतेच असे नाही. एअर इंडियाने 2015च्या डिसेंबरात ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेकडे अटलांटिकवरून सुमारे 13,900 किलोमीटर जात असे. ऑक्टोबर 2016मध्ये ते पूर्वेकडे पॅसिफिकवरून नेण्यात आले, पल्ला 15,300 किलोमीटरपर्यंत वाढला आणि तरीही विमान साधारण साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळपास दोन तास लवकर, पोहोचले. भागाकार केल्यास जमिनीच्या संदर्भातला सरासरी वेग ताशी 1,050 किलोमीटरच्या पुढे जातो. हवेच्या संदर्भात मात्र असे विमान ताशी सुमारे 900 किलोमीटरनेच उडते. उरलेला वेग वाऱ्याचा.

याचे श्रेय पृथ्वीच्या फिरण्याला थेट देणे चुकीचे ठरेल, कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातील फरकामुळे उत्तरेकडे निघालेली हवा पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळते, आणि सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा जेट प्रवाह तयार होतो, जो हिवाळ्यात जपानच्या आसपास विशेष जोरकस असतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी आपला अहवाल 1926 साली एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केला, आणि इतके मोलाचे काम जगाच्या नजरेआड राहिले, ही खरोखर हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

वेळापत्रकातील वेळ वाचताना आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. तो कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा असल्याने धावपट्टीपर्यंतची संथ वाटचालही त्यात मोडते. शिवाय निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणची असते. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असल्यामुळे पहाटे दिल्ली सोडणारा प्रवासी त्याच तारखेच्या सकाळी तेथे उतरतो. त्याच पॅसिफिकवरून पश्चिमेकडे परतणाऱ्या विमानाला मात्र हाच प्रवाह समोरून भिडतो, आणि तितक्याच अंतराला कितीतरी अधिक वेळ व इंधन खर्ची पडते.