टाकीतला ऊस

बीडमध्ये दुचाकीत पाच लिटर पेट्रोल भरले, की आता त्यात साधारण एक लिटर इथेनॉल असते. ते उसाच्या रसापासून केलेले असेल, तर त्यामागे चौदा-पंधरा किलो ऊस आहे. एक टन उसातून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते. आणि तो ऊस याच जिल्ह्यातल्या एखाद्या जोडप्याने सांगली-कोल्हापूरकडच्या फडात तोडलेला असू शकतो.

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. हे परावलंबन घटवण्यासाठी २००३ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, पण २०१४ च्या सुमारास प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. पुढे सरकारने खरेदीचा दर ठरवून दिला आणि २०१८ च्या जैवइंधन धोरणाने मळीबरोबर रसालाही वाट मोकळी केली. जून २०२२ मध्ये दहा टक्के झाले, २०२५ मध्ये वीस. वीस टक्क्यांची मूळ मुदत २०३० होती.

यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करते, हे मोहाच्या भट्टीवरही घडते. इंजिनासाठी मात्र त्यातले पाणी जवळजवळ पूर्ण काढावे लागते. साधे ऊर्ध्वपातन ९५ टक्क्यांच्या आसपास अडते. उरलेले पाणी सूक्ष्म छिद्रांच्या खड्यांतून वाफ नेऊन शोषून घेतात. एवढे करूनही लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. म्हणजे टाकीत वीस टक्के इथेनॉल असले, तरी ते जागा घेते तेरा-चौदा टक्के पेट्रोलची. जुन्या दुचाकींचे मायलेज तीन-चार टक्के आणि मोटारींचे सहा-सात टक्के घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते. दुसरीकडे धुरातला कार्बन मोनॉक्साइड बराच कमी होतो, हा शहरवासीयांच्या फुप्फुसांचा फायदा.

त्याच अहवालातला दुसरा आकडा मराठवाड्याने जास्त लक्षपूर्वक वाचावा: उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये प्यायचे पाणी रेल्वेने आणावे लागले होते. पाऊस कमी झाला की धोरणही डळमळते. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडण्याच्या भीतीने केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर बंदी घातली, आठवडाभरात ती सैल केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. एव्हाना मक्याने उसाला मागे टाकले होते. मग कोंबडीखाद्य महागले, ते वेगळेच.

आता फडाकडे. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात, म्हणजे माणसे दोन आणि मोजणी एकाची. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आसपास ही कुटुंबे निघतात. जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. दोन टन धरले तर ते १४० लिटर इथेनॉल झाले. मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची ती बहुधा बाईने. कोपीजवळ ना संडास, ना न्हाणीघर. पाळीच्या दिवसांत फडक्यावर भागवायचे. सुट्टी घेतली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. संसर्ग अंगावर काढला जातो आणि पुढे ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सोपा वाटतो. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर २०१९ मध्ये जी पाहणी आली, तीत बीडच्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कमी वयात ही शस्त्रक्रिया झाली आणि अंडाशयही गेले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात. कंबरदुखी वाढते. मोळी तर पुढच्या हंगामातही उचलायचीच असते.

रसापासूनच्या इथेनॉलला २०२४-२५ साठी लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे दर ठरला. तो ठरवताना ऊस, वाफ, यंत्रे यांचा हिशेब होतो. फडावर फिरता दवाखाना आणि पाळीच्या दिवसांची भरपगारी सुट्टी यांसाठी त्यातले काही पैसे राखून ठेवणे फारसे अवघड नाही. दर सरकारच ठरवते, आणि खरेदीदार तेल कंपन्याही बहुतेक सरकारीच आहेत.